गोल टोकांची अक्षरं तिरपी करताना

द्राक्षाच्या पेटीचं लेबल असो की नाशिकच्या मेनरोडवरची दुकानाची पाटी, गोल टोकांची तिरपी अक्षरं फार गोड दिसतात. पण 'बलू २'सारख्या गोलसर देवनागरी फॉन्टला तिरपी शैली नाही, ती आपणच करावी लागते. कल ८ अंशांचाच द्या. म्हणजे १०० मिमी उंचीला माथा साधारण १४ मिमी बाजूला सरकतो. जास्त दिलात तर काना कोसळल्यासारखा वाटतो आणि गोल टोकं चेपतात. पूर्ण ओळ एकत्रच तिरपी करा. सुटी केली तर मात्रांमुळे उंची वेगवेगळी, अंतरं बिघडतात. अनुस्वार लंबगोल होतो, तिथे नेमकं वर्तुळ बसवाच! व्हिनाइल (पाटीवर चिकटवायचा प्लास्टिकचा कागद) कापण्याआधी अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे नुसत्या बाह्यरेषा) करून वेल्ड करा, म्हणजे एकमेकांवर आलेले आकार एकसंध करा, नाहीतर कापणारं यंत्र, कटर, शिरोरेषा प्रत्येक जोडावर चिरतो.