चाकाचा स्टड तुटला तर: नवा कसा बसवावा, नट कोणता घ्यावा

गणपतीच्या आदल्या दिवशी कुडाळच्या अलीकडे स्टेपनी बदलत होतो आणि नटाबरोबर अर्धा स्टडच (ज्यावर चाकाचा नट चढतो तो आट्यांचा दांडा) हातात आला. तुटलेलं टोक उन्हात धरून पाहिलं. कडेला चंद्रकोरीएवढा भाग गंजून काळपट झाला होता, बाकीचा ताजा, करडा, चमकणारा. म्हणजे चीर कधीची पडलेली होती, खारी हवा तिच्यात शिरून बसली होती आणि माझ्या पान्याने फक्त शेवटचा झटका दिला. काही दिवसांपूर्वी एका पंक्चरच्या दुकानात तेच चाक नट आवळायच्या गनने आवळून घेतलं होतं. त्याच चाकावर घरची चार माणसं घेऊन आम्ही फोंडा घाट उतरलो होतो. तेव्हापासून या कामात मी घाई करत नाही, कुणाला करूही देत नाही.

चार स्टडच्या गाडीत एक गेला की उरलेल्या तिघांवर जादा ताण येतो. अशी गाडी घाटात घालू नका, सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंतच न्या. एकच स्टड तुटला असेल तर शेजारच्यांचे आटे ब्रशने साफ करून नीट बघा. दोन तुटले असतील, किंवा नट सैल राहून चाक हलत चाललं असेल, तर त्या हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागाचे, सगळे स्टड बदला. बाकीचे दिसायला चांगले असले तरी त्यांनीही तो मार खाल्लेला असतो.

दुकानात जाताना जुना स्टड आणि एक चांगला नट खिशात असू द्या. नुसतं गाडीचं नाव सांगून माल घेऊ नका. मारुतीच्या गाड्यांत सहसा १२ मिलिमीटर जाडी आणि १.२५ चा आटा (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतो, तर ह्युंदाई, होंडाच्या छोट्या गाड्यांत १२ आणि १.५. फोक्सवॅगन आणि स्कोडात स्टडच नसतात, तिथे बोल्ट थेट हबमध्ये जातो. आटा ओळखायला पट्टी पुरते: दहा आट्यांचं अंतर साडेबारा मिलिमीटर भरलं तर १.२५, पंधरा भरलं तर १.५. चुकीचा नट दोन-तीन फेरे गोडीने चढतो आणि मग अडकतो. तिथे पान्याने जोर केला की दोन्हींचे आटे गेले.

स्टडच्या मानेवर उभ्या खाचा असतात, त्यांच्या जोरावर तो हबच्या भोकात घट्ट बसतो. त्या भागाची जाडी व्हर्नियरने मोजून घ्या, इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाही फरक पडतो. लांबीही जुन्याइतकीच हवी. नट-बोल्टच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही, त्याचं पोलाद या ताणाचं नसतं.

आता काम. गाडी सपाट आणि टणक जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, पलीकडच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. अडणीला चिरा (जांभ्याचा दगड) चालेल, पण गाडीखाली आधार म्हणून चिरा कधीही रचू नका. जांभा वजनाखाली न सांगता फुटतो. पावसाळ्यात आपल्या अंगणात जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी घाला. गाडी लोखंडी घोड्यावर (जॅक स्टँडवर) टेकवल्याशिवाय हात आत घालायचा नाही. मागच्या चाकाचं काम असेल तर गाडी घोड्यावर गेल्यावर आणि पुढच्या चाकांच्या अडणी पक्क्या असल्यावरच हँडब्रेक सोडा, नाहीतर ब्रेकचा ड्रम निघणार नाही.

पुढच्या चाकाला कॅलिपर (डिस्कला चिमटणारा ब्रेकचा भाग) सोडवून तारेने स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. मग ब्रेकची डिस्क काढा. मागे ड्रम काढावा लागतो. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात, तिथे बेअरिंगचाही संबंध येतो, ते काम मेकॅनिककडे द्या. तुटक्या स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा, पण ते डिस्कवर किंवा ब्रेकच्या शूवर उडू देऊ नका. हब फिरवून स्टडचं डोकं मागच्या मोकळ्या जागेत आणा आणि पुलरने (स्टड दाबून काढायच्या अवजाराने) मागे ढकला. पुलर नसला तर पितळी पंच ठेवून हातोडीचे मोजके सरळ घाव. धडाधड ठोकलं तर स्टड निघेल, पण बेअरिंग जाईल.

भोक साफ करा. नवा स्टड मागून घाला आणि त्याच्या खाचा भोकातल्या जुन्या खाचांशी जुळवा. पुढून तीन-चार जाड वायसर चढवा, वायसरांमध्ये थोडं ग्रीस लावा, आणि एक जुना नट उलटा, सपाट बाजू वायसरकडे करून, हातपान्याने सावकाश आवळा. स्टड ओढला जात असताना पान्याला सारखाच जोर लागतो. डोकं हबला टेकलं की तो एकदम वाढतो. मागून बॅटरी मारून डोक्याखाली फट राहिली नाही ना, ते बघा. या कामाला वापरलेला नट फेकून द्या. नवा स्टड भोकात गरागरा फिरत असेल तर भोक खाल्लं गेलंय, हब बदला. वेल्डिंगचा टाका मारून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, त्या उष्णतेने स्टडची ताकद जाते.

नट घेताना बहुतेक जण फक्त आटे बघतात. चाक धरून ठेवतं ते नटाचं बूड, म्हणजे चाकावर टेकणारी बाजू. बऱ्याच चाकांना ६० अंशांचं निमुळतं बूड लागतं, होंडाच्या कंपनीच्या अलॉय चाकांना बहुधा गोल, काही अलॉयना सपाट बूड आणि वायसर. निमुळता नट गोल खळग्यात फक्त एका कडेवर टेकतो. पाना घट्ट लागतो, आणि थोड्याच दिवसांत नट सैल होतो. बाजारातून अलॉय घातले असतील तर स्टेपनीच्या लोखंडी चाकाला बसणारे नट डिकीत वेगळे ठेवा.

किनाऱ्यावर मी बंद तोंडाचे, एकसंध पोलादाचे नट घेतो, कारण आट्यांत खार शिरत नाही. वरून पातळ चकचकीत टोपी चढवलेले नट नकोत. टोपीखाली गंज फुगतो आणि मापाचा पाना लागेनासा होतो. बंद नटात स्टडचं टोक आत टेकत नाही ना, हे मात्र तपासा. टेकलं तर नट घट्ट वाटतो आणि चाक सैल असतं. तसंच नटाने स्टडची निदान १२ मिलिमीटर पकड घ्यायला हवी: १.५ च्या आट्यात आठ फेरे, १.२५ मध्ये दहा.

गॅरेजमधले आमचे जुने मेस्त्री म्हणायचे, “झिला, आदी हातान फिरव, पानो मगे.” नट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. गाडी खाली घेतल्यावर शेवटचा जोर टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पाव मीटरच्या पान्यावर ७० किलोचा माणूस नुसता उभा राहिला तरी १७० होतात. पान्यावर पाय देणं बंद करा.

आणि तेल. गंजू नये म्हणून आपल्याकडे आट्यांना सर्रास ऑइल चोपडतात. त्याच आकड्याला तेलकट स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, आणि कधीतरी तुटतो. आटे आणि बूड कोरडे, स्वच्छ ठेवा. ग्रीस लावायचं तर हबच्या मधल्या उंचवट्यावर पातळ हात फिरवा, म्हणजे चाक चिकटून बसणार नाही. समुद्राच्या वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी चाकं गोड्या पाण्याने धुवा.

नवे स्टड पहिल्या ५० ते १०० किलोमीटरमध्ये थोडे बसतात. कुडाळहून मुंबईला निघालात तर राजापूरच्या आसपास चहाला थांबा, चाकं निवू द्या, आणि टॉर्क पाना पुन्हा एकदा सगळ्या नटांना लावा.