जुनी लाकडी यॉट राहती करायची तर

आचऱ्याच्या खाडीत आमच्या आजोबांचा मचवा होता. मिरग लागायच्या आधी तो वर ओढायचे, झापांनी शाकारायचे, आणि पावसाळाभर अधूनमधून झाप उचलून आत हात फिरवून बघायचे. "दर्याचा पाणी लाकूड राखता, पावसाचा पाणी लाकूड खाता," म्हणायचे. इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर, मॉल्डनला, आम्ही नवराबायकोने १९३७ सालची २८ फुटी यॉट राहायला घेतली तेव्हा हे मला आठवायला हवं होतं. पिच पाईनच्या फळ्या, ओकच्या बरगड्या, तांब्याचे खिळे. आम्ही आधी आतली खोली सजवली. गाद्या शिवल्या, पितळी दिवा टांगला. नोव्हेंबरात डोलकाठीच्या तारा जिथे बाजूला अडकवतात, त्याच्या खाली थेंब पडायला लागला. आतलं अस्तर काढलं तर बरगडीचं टोक हातातच आलं. तपकिरी, हलकं, चौकोनी चिरा पडलेलं, जळलेल्या खोबऱ्यासारखं. वरून गळणारं पावसाचं पाणी किती वर्षं तिथे मुरत होतं कोण जाणे.

म्हणून कामाचा क्रम वरून खाली ठेवा: डेक, बरगड्या, फळ्यांमधल्या सांधी. गाद्या सगळ्यात शेवटी.

घेण्याआधी यॉट पाण्याबाहेर काढून, फक्त तुमच्या बाजूने काम करणाऱ्या सर्व्हेयरकडून तपासून घ्या. त्याच्याबरोबर स्वतःही फिरा. लहान हातोडीने टिचक्या मारत जा; निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं बद्द. डेकखालच्या तुळयांची टोकं, नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, आतला कोपरा आणि मागचं टोक, जिथे वारा पोचत नाही तिथे आधी बघा. कीलचे, म्हणजे तळाच्या कण्याखाली लोखंडी वजन धरून ठेवणारे, एक-दोन बोल्ट उपसून दाखवायला सांगा. लाकूड आणि लोखंडी वजन यांच्या सांध्यात बोल्ट झिजून पेन्सिलीएवढा उरतो आणि वरचं डोकं मात्र ठणठणीत दिसतं. पाण्यात उघडणाऱ्या पितळी झडपांभोवती पांढरा भुरा आणि मऊ लाकूड दिसलं तर गंज थांबवायला लावलेले जस्ताचे तुकडे गरजेपेक्षा जास्त आहेत का, हे विचारा. खाऱ्या पाण्यात जस्त आणि पितळ यांच्यात वीज खेळते, त्यातून अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ) तयार होते आणि ती लाकडाला पोखरते. जस्त जास्त लावलं म्हणजे काळजी जास्त घेतली, असं नाही.

डेकची गळती शोधणं चिकाटीचं काम. थेंब पडतो तिथे भोक नसतं. पाणी तुळईवरून हातभर चालत येतं. आतून तुळयांना टाल्कम पावडर लावा, बाहेरून खालच्या भागापासून हळूहळू वर पाणी ओता, पावडरीत ओघळ उमटतो. मग तिथली कडी, खुंटी, जे असेल ते पूर्ण उपटून, खालचं लाकूड वाळवून, फट बुजवणारा नवा मसाला भरून परत बसवा. वरून चिकटवलेली पट्टी पाणी आत कोंडून ठेवते.

मोडलेल्या बरगडीशेजारी नवी बरगडी घालता येते. ओक ताजं हवं, भट्टीत वाळवलेलं नको. एक इंच जाडीला साधारण तासभर वाफ द्यायची, आणि वाफेच्या पेटीतून काढल्यावर लाकूड वाकायला काही सेकंदच मिळतात. म्हणून शिकंजे आधीच उघडून जागेवर ठेवा, हातमोजे घाला, कोण काय धरणार ते ठरवून घ्या. खिळे मारताना बाहेरून नवरा जड लोखंड टेकवून धरायचा, आतून मी तांब्याची चकती बसवून, खिळा छाटून, हलक्या हातोडीने माथा वळवायचे. जोरात मारलं की खिळा आतल्या आत वाकतो.

आता सांधी. इथे माझं तुमच्याकडे कळकळीचं सांगणं आहे. यॉट उन्हात महिनोन्महिने कोरडी उभी ठेवू नका, आणि उघडलेल्या सांधी ठासून भरू नका. आमच्या आधी कुणीतरी तसंच केलं होतं. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगल्या, त्यांना जागा उरली नाही, आणि सलग चार बरगड्या पोटाच्या वळणावर तडकल्या. जुना मसाला हलक्या हाताने खरवडा, कडांना रंग पाजा, सुताची वात बोथट छिन्नीने बेताने बसवा, पुन्हा रंग, मग मऊ लांबी (फटी बुजवायची पुटी), पृष्ठभागापेक्षा किंचित खोलगट. जुन्या रंगात आणि लांबीत शिसं असतं. मास्क लावा, घासण्याआधी ओलं करा. अशा फळ्यांवर फायबरग्लासचं कवच चढवायचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा. लाकूड हलत राहतं, कवच सुटतं, मागे ओल कोंडते.

पाण्यात सोडाल तेव्हा ती गळणारच. पहिली रात्र क्रेनच्या पट्ट्यांत ठेवा, दोन पंप तयार ठेवा. काही दिवसांत फळ्या फुगून सांधी मिटतात.

राहायला लागलात की गोडं पाणी आतून येतं: तुमचा श्वास, ओले कपडे, कुकरची शिटी. गॅस जळतानाही वाफ होते. वरणभात लावताना मी वरची झडप उघडीच ठेवते, मग बाहेर बर्फ असो. दोन टोकांचे वायुमार्ग कधीही बंद करू नका. गादीखाली फळ्यांची जाळी घाला, कपाटांच्या दारांना भोकं पाडा, सामान बाहेरच्या फळ्यांना टेकवू नका. लाकूड-कोळशाची शेगडी हवा छान कोरडी ठेवते, पण कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवल्याशिवाय ती पेटवायची नाही. गॅसची टाकी अशा खणात ठेवा की गळती थेट बाहेर वाहून जाईल. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तळात साचतो. जागा घेताना कायम राहायची परवानगी लेखी घ्या, कारण बऱ्याच मरिनांत (यॉट बांधून ठेवायच्या धक्क्यांवर) ती नसते.

आणि एक वही ठेवा. रोज सकाळी हातपंपाचे किती फटके मारल्यावर तळ कोरडा झाला, ते लिहायचं. आमचे बारा असतात. वीस झाले की मी पायाखालच्या फळ्या उचलते, झिरपणाऱ्या जागेचा एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावते. खारट लागला तर चहा पिऊन मग बघते. गोडा लागला तर चहा राहतो बाजूला.