‘दाइजोबु’ आणि पाच मंगळवारचे मासे

जपानमधल्या ओकायामाला होमस्टेसाठी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी ओकासाननी (जिच्या घरी राहतो त्या बाईंना आईच म्हणायचं असतं) विचारलं, "मासे खातेस का?" मी पुण्यात चार वर्षं जपानी शिकलेले, मधल्या पातळीची एन-3 परीक्षा पास, मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "दाइजोबु देस." मला म्हणायचं होतं, ‘राहू द्या, माझ्यासाठी वेगळं काही नको.’ त्यांना ऐकू गेलं, ‘चालतील.’ चूक माझीच. जपानी माणूस ‘दाइजोबु’ होकाराला वापरतो आणि नकारालाही, आणि कुठला अर्थ घ्यायचा ते ऐकणाऱ्याने ठरवायचं असतं. आपलं ‘चालेल’ तरी बरं, निदान होकाराकडे झुकतं. त्या संध्याकाळी माझ्यापुढे डोक्यापासून शेपटीपर्यंत भाजलेला बांगडा आला. आमच्या घरी अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडतात. मी गिळला, वर "ओइशीई" (छान झालंय) म्हणाले, आणि पुढचे पाच मंगळवार बांगडाच आला.

होमस्टेला जाणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते: अर्जातला खाण्याचा रकाना गंभीरपणे भरा. नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. जपानीत ‘निकु’ म्हणजे मांस, पण मासा काही निकु नव्हे, आणि सॅलडमधले हॅमचे दोन तुकडे बऱ्याच जणांच्या हिशेबात धरलेच जात नाहीत. काय काय खात नाही त्याची यादी द्या. दाशीचं काय ते निघण्यापूर्वीच ठरवा. दाशी म्हणजे मिसो सूपपासून भाजीपर्यंत सगळ्याच्या तळाशी असणारं पाणी, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसाचं असतं. तेही नको असेल तर बाहेर जेवणं खरंच कठीण जातं. मी स्वतःपुरतं ठरवलं की बाहेर दाशी चालवून घ्यायची, तुकडा मात्र नाही. शेवटी सहाव्या आठवड्यात धीर करून यादी लिहिली आणि फ्रिजवर लावली. ओकासान रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांना हायसंच वाटलं. घरात कोम्बु शेवाळ आणि शिताके मशरूमची दाशी सुरू झाली. बांगडा त्यांनाही फारसा आवडत नव्हता म्हणे, माझ्यासाठी आणत होत्या!

थोडं कागदपत्रांविषयी, कारण त्यात चुकलं तर महाग पडतं. कॉलेजकडून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी आल्यावरच व्हिसाचा अर्ज करायचा. कानसाई किंवा नारितासारख्या मोठ्या विमानतळावर उतरताच रहिवासी कार्ड हातात मिळतं, आणि आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करण्याच्या परवानगीचा अर्जही तिथेच देता येतो. तो तिथेच उरका, पुढे रांगा आहेत. राहायला गेल्यावर 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमा होतो, म्हणजे डॉक्टरचं बिल साधारण 30 टक्के आपण भरायचं. वय वीसच्या पुढे असेल तर पेन्शनचं पत्रही येतं. ते कचऱ्यात टाकू नका, हप्त्यांतून सूट मिळण्यासाठी अर्ज करता येतो. माझ्याबरोबर ओतोसान (घरातले वडील) अर्धा दिवस रजा काढून किता वॉर्डच्या ऑफिसात आले होते. होमस्टेचा हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

बहुतेक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांना वसतिगृहच देतात. कुटुंबात राहणं काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं असतं, आणि वर्षभर राहायला मिळतं ते मुख्यतः शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीत. मी ऑक्टोबर ते जानेवारी घरात होते, नंतर वसतिगृहात. मला विचाराल तर क्रम हाच ठेवा. आधी वसतिगृहात गेलात की आपली मराठी-हिंदी टोळी जमते आणि जपानी तिथेच थांबतं.

घरातली जपानी वर्गातल्यासारखी नसते. मी ‘मास’ आणि ‘देस’ ही अदबीची शेपटं लावून बोलायचे, तर आजी विचारायच्या, "ही इतकी परक्यासारखी का बोलते?" त्यात ओकायामाची बोली. ‘फार’ला ‘बोक्केए’, ‘म्हणून’ला ‘जाकेए’. पण मराठी माणसाला एक आयतं मिळालेलं आहे. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय शब्दामागे, आणि वाक्याच्या टोकाला आपल्या ‘ना’सारखा त्यांचा ‘ने’. ‘छान आहे ना’ जसंच्या तसं जपानीत बसतं. शिवाय दुखणं सांगायला ते ‘झुकीझुकी’, ‘हिरीहिरी’ म्हणतात. ज्यांना ठणठणणं आणि चुरचुरणं माहीत आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. इंग्रजीतून विचार करून जपानी बोलणाऱ्यांना वर्ष जातं, तुम्ही ती वाट धरूच नका.

पहिल्या रविवारी ओतोसाननी कोराकुएन दाखवली, 1700 साली पुरी झालेली बाग. तळं, छोटा पूल आणि टेकडी बघून मी म्हणाले, ही तर सिंहगड रोडला पाहिलीय. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून केलेलं आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग जेवताना तीन दिवस तोच विषय.

बाकी नियम पटकन अंगवळणी पडतात. अंग बाहेर धुऊन मगच ओफुरोच्या टबात उतरायचं. बाहेर आल्यावर झाकण लावायचं आणि पाणी सोडायचं नाही, कारण त्याच पाण्यात मागून आणखी तिघे बसणार असतात. तातामीवर (जमिनीवरच्या गवती चटयांवर) स्लिपर नाही. संडासातले स्लिपर संडासातच. भातात चॉपस्टिक उभी खोचू नका, ते मयताच्या भाताला करतात. जेवायला येणार नसाल तर दुपारीच मेसेज करा. यावरून आमच्याकडे एकदाच अबोला झाला, आणि तो मला दोन दिवसांनी कळला. थंडीसाठी जाड मोजे न्या. घरात गरम असते ती फक्त बसायची खोली, मधली पडवी आणि संडास बर्फ.

भेटवस्तू लहान आणि नीट गुंडाळलेली असावी. बाकरवडी आमच्याकडे दोन दिवसांत संपली. ताजा कढीपत्ता मात्र नेऊ नका, तपासणीच्या दाखल्याशिवाय विमानतळावरच काढून घेतात.

आणि फोडणी. 2008 पासून तिथल्या घरगुती शेगड्यांना तापमान ओळखणारे सेन्सर असतात. कढई जरा तापली की आच आपोआप बारीक होते, मोहरी तडतडायच्या आधीच. पहिल्या वरणात मोहरी कच्चीच राहिली, तरी सगळे "ओइशीई" म्हणाले. दुसऱ्या वेळी मी तेल बेताचं घेऊन कडेने तापवलं आणि फोडणी जमली. घरभर वास सुटला. ओकासान हसून म्हणाल्या, "दाइजोबु." या वेळी मला शंका आली. मी विचारलं, "खरंच?" त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "हिंग... चोत्तो..." (म्हणजे ‘जरा...’) आणि वाक्य तिथेच सोडलं. मी डबी तीन झिप पिशव्यांत घालून सायकलच्या शेडमध्ये नेऊन ठेवली.