खडी काढून वाळू टाकली, आणि फिल्टर घरघरू लागला?

माशांच्या टाकीत वाळू छानच दिसते. कोरी (कोरीडोरास) जातीचे, तळाशी खाणं शोधणारे मासे तिच्यात तोंड खुपसून हुंदडू लागले की खडीची आठवणही येत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या रात्री, घर शांत झाल्यावर, फिल्टरमधून खरखर ऐकू येते. सकाळी बघावं तर धारही बारीक झालेली. माझ्या दोन फुटी टाकीत हेच झालं. दुकानदार म्हणाला, मोटर गेली, नवा घ्या. मी घेतला. तोही आठवड्यात खरखरू लागला, तेव्हा कळलं की मोटरचा काही दोष नव्हता.

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून पाण्यात हात घालू नका. अडकलेली मोटर तशीच चालू ठेवली तर तापते आणि मग खरंच जळते, म्हणून "बघू उद्या" असं म्हणू नका.

आता फिल्टर बादलीत घेऊन उघडा. स्पंजचा डबा वेगळा केला की मोटरच्या तोंडाशी छोटं झाकण असतं. ते काढून रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, हलकेच बाहेर ओढा. पुढे पाती, मागे काळा गोल लोहचुंबक. त्याच्यावर बोट फिरवून बघा. माझ्या रोटरला अक्षरशः दाढी आली होती, बारीक काळ्या कणांची. आपल्याकडच्या बऱ्याच नद्यांची वाळू काळ्या कातळाची, म्हणजे बसाल्टची, झीज होऊन आलेली असते आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. चुंबक त्यांना धरून ठेवतो. मग ते रोटर आणि खोबणीच्या मध्ये कानशीसारखे घासत राहतात. नुसत्या पाण्याखाली धरून हे कण जात नाहीत. रोटर कोरडा पुसा, चिकटपट्टी दाबून दाबून कण उचला. खोबणीत कानात घालायची कापसाची काडी फिरवा. दांडी सिरॅमिकची असेल तर जपून, ती काचेसारखी मोडते. चुंबकावर खोल चरे पडले असतील तर रोटर बदलावा लागेल. काही मॉडेलचा तो सुटा मिळतो, आधी चौकशी करा.

वाळू अजून टाकली नसेल तर हा त्रास आधीच वाचवता येईल. कोरड्या वाळूत पिशवीत गुंडाळलेला जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवा, काळे कण पिशवीला चिकटून येतील. मग वाळू थोडी थोडी बादलीत घेऊन हाताने घोळत धुवा. आठ-दहा पाणी तरी लागतात. साबण अजिबात नको. समुद्रावरून वाळू आणायचा मोह टाळा. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि त्याने पाणी जड होतं. शंका असेल तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती वाळू टाकीत नको. थर तीन-चार सेंटीमीटर पुरे. दोन बाय एक फुटाच्या टाकीला साधारण दहा-बारा किलो. वाळू टाकताना फिल्टर बंद ठेवा आणि गढूळपणा खाली बसल्याशिवाय लावू नका. मी उत्साहात चालूच ठेवला होता.

पुढचं काम जागेचं. खडीच्या टाकीत फिल्टर तळाला टेकवून लावायची सवय असते. वाळूत तो चालत नाही. पाणी ओढणारं तोंड वाळूपासून निदान सात-आठ सेंटीमीटर वर घ्या आणि त्याच्यावर जाड स्पंजची टोपी चढवा. टोपी दर आठवड्याला पिळावी लागते, नाहीतर धार पुन्हा मंदावते. बाहेर पडणारी धार पृष्ठभागाकडे वळवा. खाली रोखलेली धार एका कोपऱ्यात खड्डा आणि दुसऱ्या कोपऱ्यात टेकडी करते. काचेला टांगायचा फिल्टर असेल तर लाइट जाऊन आल्यावर दोन मिनिटं कान द्या. पाणी थांबलं की तरंगते कण रोटरच्या खोबणीत बसतात.

टाकीत खडीखालची जाळी, म्हणजे अंडरग्रॅव्हल फिल्टर असेल तर वाळू टाकण्याआधी ती काढायलाच हवी. वाळू तिच्या फटी बुजवते किंवा खाली झिरपते, आणि पाणी फिरायचं थांबतं. त्याऐवजी एअर पंपावरचा स्पंज फिल्टर लावा. त्याला रोटरच नाही, त्यामुळे वाळूने घासण्यासारखं काही नाही. लहान टाकीला माझी पहिली पसंती हीच.

पण मासे खरे आजारी पडतात ते आवाजाने नव्हे. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फक्त फिल्टरमध्ये नसतात, खडीवरही असतात. खडी काढली की त्यांचा मोठा भाग कचऱ्यात जातो. त्यातच आपण खरखर थांबवायला म्हणून स्पंज नळाखाली खसाखसा धुतो. नळाच्या क्लोरीनने उरलेलेही जातात. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. जुनी खडी नायलॉनच्या मोज्यात भरून फिल्टरच्या धारेत तीन-चार आठवडे लटकवा. दिसायला विचित्र आहे, घरच्यांची बोलणी खावी लागतील. खाणं निम्मं करा. टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून जिवाणू बनवतात तो, तोही विषारीच) रोज बघा, दोन्ही शून्य हवेत. दिसलेच तर पाव टाकी पाणी बदला, अँटीक्लोरीन घालून.

वाळूच्या धुळीचा गढूळपणा फिल्टरमध्ये कापूस घातला की एक-दोन दिवसांत निवळतो. तीन-चार दिवसांनी पाणी दुधाळ झालं तर ती बहुधा जिवाणूंची वाढ असते. तेव्हा फिल्टर पुन्हा उघडू नका, चालू राहू द्या.

सायफन करताना नळी खडीत खुपसायचो तशी वाळूत खुपसू नका. वाळूपासून दोन बोटं वर धरून गोल फिरवा. घाण उचलली जाते, वाळू खालीच राहते.