साध्या मॅन्डोलिनला पिकअप कसा बसवावा

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया सुरू होतात. दिवसा बाजार, रात्री नाटक नाहीतर दंडार, म्हणजे इथलं लोकनाट्य. स्टेजखाली वादकांची जागा असते. तिथे पेटी, तबला, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, आणि कोपऱ्यात मी माझं मॅन्डोलिन घेऊन. पहिल्या वर्षी पहाटे नाटक सुटल्यावर चहाच्या टपरीवर एका काकांनी विचारलं, "मास्तर, ते नुसतं दाखवाले धरलं होतं का गा? आयकू तर काहीच आलं नाही."

काकांचं खोटं नव्हतं. मॅन्डोलिनचा आवाज अंगणातल्या भजनाला पुरतो. ऑक्टोपॅडच्या शेजारी तो संपतो. त्यानंतर दोन-तीन हंगाम मी या पिकअपच्या, म्हणजे वाद्याचा आवाज विजेच्या रूपात पकडून पुढे देणाऱ्या वस्तूच्या, मागे लागलो, चुका केल्या, एक वाद्य जवळजवळ घालवलं. म्हणून हे लिहितोय.

आधी माइक लावून बघा

सोपा मार्ग माइकचा. साधा डायनॅमिक माइक वाद्यापासून वीतभर अंतरावर, तोंड आवाजाच्या भोकावर रोखून न ठेवता थोडं मानेच्या बाजूला वळवून ठेवा. भोकासमोर आवाज घुमतो. खंजिरी भजन असेल, चार-सहा माणसं असतील, तर यापुढे काहीच करायची गरज नाही. मॅन्डोलिनचा खरा आवाज माइकमधूनच येतो आणि कुठलाही पिकअप त्याची बरोबरी करत नाही, हे पैसे खर्च करायच्या आधीच मान्य करून टाका.

नाटकात मात्र माइक हरतो. त्यात शेजारचा तबलाही शिरतो, आपण जरा हललो की आवाज पळतो, आणि साउंडवाल्याने आवाज वाढवला की भोंगे शिट्टी मारतात. तिथे पिकअप लागतो.

कोणता घ्यावा

चुंबकाचा पिकअप तारेचं हलणं पकडतो, लाकडाचं नाही. शिट्टी कमी मारतो, पण आवाज इलेक्ट्रिक गिटारच्या वळणाचा येतो. कर्नाटक संगीतातले मॅन्डोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या वादनासारखा आवाज हवा म्हणून बरेचजण हा मागतात. त्यांचं मॅन्डोलिन भरीव लाकडाचं, इलेक्ट्रिक, ५ एकेरी तारांचं होतं. आपलं पोकळ, ४ जोड्यांचं. वाद्यच वेगळं, त्यामुळे नुसता पिकअप बदलून तो आवाज येणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे पिकअप आतच बसवलेली तयार घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी तुकडा. आवाज चांगला. पण तिचे पाय तुमच्या वाद्याच्या छातीच्या, म्हणजे पुढच्या फळीच्या, उतारावर तंतोतंत घासून बसवावे लागतात, आणि मूळ घोडी उतरवावी लागते. कारागीर जवळ नसेल तर पहिल्या प्रयत्नात या वाटेला जाऊ नका.

तिसरा पिझोच्या चकतीचा. पितळेची पातळ तबकडी, तिच्यावर पांढरट सिरॅमिकचा थर. दाब आला की वीज तयार होते. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला होता. आज तीच चकती पी-पी करणाऱ्या बझरमध्ये असते आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चहा-नाश्त्याच्या पैशात मिळते. मी नागपूरला गेलो की सीताबर्डीवरून चार-पाच घेऊन येतो, कारण सोल्डरिंगचा डाग देताना एक-दोन जळतातच. खेड्यातल्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. वाद्याला भोक पाडावं लागत नाही, नाही जमलं तर काढून टाकता येतं.

चकती तयार करणे

२७ मिलिमीटरची चकती, मीटर-दीड मीटर बारीक शिल्डेड वायर, पाव इंची मोनो जॅक आणि २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री एवढं सामान. वायरची मधली तार पांढऱ्या सिरॅमिकवर आणि वरची जाळी पितळेवर, उलट नको. जाळी पितळेवर असली की बाहेरची घूं-घूं जाळीतच अडते. उलटं जोडलंत तर सगळा मंडप तुमच्या वाद्यात शिरतो.

पितळेची कडा आधी पॉलिश पेपरने घासा, मग डाग नीट धरतो. सिरॅमिकवर मात्र इस्त्री दोन सेकंदांच्या वर टेकवू नका. तिच्यावर चांदीचा हलका मुलामा असतो, तो उष्णतेने सोलून निघतो आणि चकती मेली. आधी वायरच्या टोकाला कथील लावून घ्या, मग नुसतं टेकवा आणि उचला. एक ठिपका. फार मोठा गोळा झाला तर चकती जड होऊन आवाज दबतो.

डाग गार झाला की सिरॅमिकवर इन्सुलेशन टेप, त्याच्यावर तांब्याची चिकटपट्टी, आणि ती पट्टी पितळेच्या कडेला टेकलेली. चकतीचा पिंजरा झाला समजा. हे काम कंटाळवाणं आहे, पण जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात याचाच फरक पडतो.

जागा शोधणे

इथे घाई करू नका, माझा अर्धा दिवस यातच जातो. चकती कोणाच्या तरी छोट्या गिटार ॲम्प्लिफायरला जोडा. तिच्या पितळेच्या बाजूला दुहेरी टेपचा छोटा तुकडा लावून वाद्याच्या छातीवर ती वेगवेगळ्या ठिकाणी चिकटवा आणि दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला सांगा. माझ्याकडे शेजारचा पोरगा असतो. त्याला सूर नाही, पण चारही जोड्या एकसारख्या जोराने छेडतो, आणि हवं तेवढंच असतं.

घोडीच्या पायाला अगदी खेटून चकती लावली तर आवाज टोकदार येतो, नखीची खटखटसुद्धा ऐकू येते. जाड तारांच्या बाजूला घुमारा जास्त, शिट्टीची भीतीही जास्त. बारीक तारांच्या बाजूला, घोडीपासून दोन बोटं खाली, तारा अडकवायच्या पट्टीच्या दिशेला मला बहुतेक वेळा बरी जागा सापडते. तरी प्रत्येक वाद्य वेगळं. माझ्या दोन मॅन्डोलिनच्या जागा एकमेकींपासून दीड बोट लांब आहेत. सापडलेल्या जागेभोवती कागदी टेप लावून पेन्सिलने खूण करा.

पक्की चिकटवताना पातळ दुहेरी टेप वापरा. फोमची जाड टेप नको, ती वरचे सूर गिळते. आणि जुन्या पॉलिशवर टेप लावायच्या आधी कुठल्यातरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात दिवसभर लावून पाहा. काढताना पॉलिशचा पापुद्रा आला, तर चकती वाद्याच्या आत, भोकातून बोट पोचेल तिथे लावा. आत लावली की ती दिसतही नाही आणि हातही लागत नाही.

वायर चकतीजवळ थोडी सैल ठेवून टेपने वाद्याला बांधा, म्हणजे कोणाचा पाय वायरीत अडकला तरी ओढ डागावर येणार नाही. जॅक लाकडाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून तो ठोकळा शेवटच्या बाजूला पट्ट्याने आवळा. तारांच्या धातूच्या पट्टीला जॅक टेकू देऊ नका. आमच्याकडे कित्येक मंडपांत अर्थिंग नावालाच असतं. तारा ॲम्प्लिफायरच्या जमिनीशी, म्हणजे अर्थशी, जोडल्या गेल्या आणि तुमचे ओठ माइकला लागले, तर झटका बसू शकतो. पिझोला तारा जमिनीशी जोडायची गरजच नसते.

भोक पाडण्याबद्दल

मला पहिल्यांदा पक्का जॅक हवा होता, वाद्याच्या बुडाशी, दुकानातल्या गिटारला असतो तसा. घरच्या ड्रिलने भोक मोठं करत गेलो. शेवटच्या फेरीत बिट अडकली, वाद्य हातातल्या हातात गरकन फिरलं आणि बुडाच्या ठोकळ्यात केसाएवढी चीर पडली. आठही तारांची सगळी ओढ त्याच ठोकळ्यावर असते. सुताराने सरस भरून शिकंज्यात दोन दिवस ठेवलं म्हणून वाचलं. पक्का जॅक हवाच असेल तर चीर पडू न देता भोक हळूहळू रुंदावणारं रीमर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जा.

घोडी

मॅन्डोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. एका मंडईच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्या तारा एकदम ढिल्या केल्या, घोडी सरकली, आणि मी ती अंदाजाने परत ठेवली. मोकळ्या तारा सुरात लागल्या. पण वरच्या पडद्यांवर गेलो की पेटीवाला माझ्याकडे बघायचा. रात्रभर बघत होता.

म्हणून कशासाठीही तारा ढिल्या करायच्या असतील तर आधी घोडीच्या दोन्ही पायांभोवती कागदी टेपची चौकट करा आणि एका वेळी एकच जोडी ढिली करा. शेवटी तपासणी बाराव्या पडद्यावर. तिथे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला टणटण सूर आणि तार दाबून काढलेला सूर एकच आला पाहिजे. दाबलेला चढा वाटला तर घोडी पट्टीकडे, उतरलेला वाटला तर मानेकडे, तांदळाच्या दाण्याएवढी सरकवा.

प्रीॲम्प

आता सगळ्यात महत्त्वाचं. चकती बसवून वायर सरळ साउंडवाल्याच्या माइक इनपुटमध्ये घातली की पत्र्यावर खडे पडल्यासारखा कचकच आवाज येतो, आणि लोक चकतीला शिव्या देतात. चूक चकतीची नाही. ती कंडेन्सरसारखी वागते. पुढच्या इनपुटचा रोध कमी असला की खालचे सूर तिथेच गळून पडतात. हिशेबच पाहा: २७ मिलिमीटरच्या चकतीची क्षमता २० नॅनोफॅरॅडच्या आसपास धरली आणि इनपुट १० किलोओहमचं असलं, तर साधारण ८०० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरू लागतो. मॅन्डोलिनची सर्वात जाड तार १९६ हर्ट्झवर लागते आणि सर्वात बारीक ६५९ वर. म्हणजे चारही मोकळ्या जोड्यांचे मूळ सूर त्या रेषेच्या खालीच! इनपुट १ मेगाओहमचं असलं तर तीच रेषा ८ हर्ट्झवर जाते आणि सगळं वाद्य ऐकू येतं.

त्यामुळे चकतीवर कमी आणि प्रीॲम्पवर, म्हणजे चकती आणि मिक्सरच्या मध्ये लागणाऱ्या छोट्या डबीवर, जास्त खर्च करा. १ मेगाओहम किंवा जास्त इनपुटचा, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, पिझोसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला कुठलाही घ्या. तो मिळेपर्यंत कोणाचा गिटार ॲम्प्लिफायर मागून आणा, त्याचं इनपुटही साधारण एवढंच असतं. मिक्सरवर वाद्यासाठी वेगळं बटण असेल तर साउंडवाल्याला ते दाबायला सांगा. वाद्यापासून प्रीॲम्पपर्यंतची वायर दोन-तीन मीटरच ठेवा, पुढे मिक्सरपर्यंत बरीच लांब चालते.

मंडपात

साउंडवाल्याला लवकर गाठा. पेंडॉल भरला की तो कोणाचं ऐकत नाही. आवाज हळूहळू वाढवत न्या. शिट्टी सुरू झाली की आधी १५० हर्ट्झच्या खालचा आवाज कापायला सांगा, तिथे मॅन्डोलिनचं काहीच नाही. कचकच राहिली तर मधला पट्टा थोडा उतरवा. तरीही शिट्टी थांबली नाही तर जागा बदला: भोंगे तुमच्या पुढे पाहिजेत, वाद्याची छाती त्यांच्याकडे नको. भोकात फोमचा तुकडा खोचला तरी फरक पडतो, दिसायला भिकार दिसतं एवढंच.

कार्यक्रम संपला की प्रीॲम्पमधली पिन उपसून ठेवा. बहुतेक प्रीॲम्पमध्ये पिन घातली की बॅटरी चालू होते, आणि पिन राहिली तर दुसऱ्या रात्री नांदीलाच आवाज जातो. आणि मार्च-एप्रिलनंतर वाद्य बंद टेम्पोत ठेवू नका. चकतीची टेप उन्हाने सुटते, आणि आपल्याकडच्या उन्हात टेपच्या आधी सरस सुटायला लागतो.