सोनं, लांबची सुट्टी आणि वरच्या खोलीतला भाडेकरू: इंग्लंडात घराचा विमा काढताना

विम्याच्या फॉर्ममध्ये एक साधा प्रश्न असतो: घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहतं का? पहिल्या वर्षी मी बेधडक "नाही" ठोकून दिलं. त्या वेळी टेबलाच्या खणात डिसेंबरमधली मुंबईची चार तिकिटं पडलेली होती, परतीची तारीख सहा आठवड्यांनंतरची. खोटं बोलायचा हेतू नव्हता. रिकामं घर म्हणजे विकायला काढलेलं, सामान हलवलेलं घर, अशी माझी समजूत होती. आमचं घर तर सामानाने भरलेलं होतं, माणसं तेवढी गावी गेली होती.

जानेवारीच्या थंडीत लॉफ्टमधला पाइप गोठून फुटला. आम्ही निघाल्याला ३७ दिवस झाले होते. छतातून पाणी खाली आलं, दोन खोल्यांचे गालिचे आणि खालच्या मजल्याचं प्लास्टर गेलं. कंपनीने पाठवलेला माणूस अगदी सभ्य होता. चहा घेतला, फोटो काढले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "घरात शेवटचं कोण झोपलं होतं आणि कधी?" क्लेम नामंजूर झाला. कंपनीवर चिडलो, पण पॉलिसीचं पुस्तक उघडलं तर सगळं त्यात छापलेलं होतं. रिकामं म्हणजे कोणीही राहत नसलेलं, असा अर्थ तिथे स्वच्छ दिला होता.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. इथली सर्वसाधारण पॉलिसी ज्या कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते, ते दोन आठवड्यांसाठी स्पेनला जाऊन येतं. त्यांच्याकडे एखादी चांगली अंगठी असते आणि घरात परकं माणूस राहत नसतं. आपलं घर नेमकं या तीन ठिकाणी वेगळं असतं, म्हणून नवीन आलेल्यांशी बोलताना मी प्रीमियमआधी या तीन गोष्टींबद्दल विचारतो.

आधी थोडं मूळचं. विमा दोन प्रकारचा. भिंती, छप्पर, बसवलेलं किचन, बाथरूम हे बिल्डिंग्जमध्ये येतं. घर सोडताना जे ट्रकमध्ये भराल ते कंटेंट्समध्ये. गालिचे ठोकून बसवलेले असले तरी बहुधा कंटेंट्समध्येच धरतात. दोन्हींपैकी काहीच कायद्याने सक्तीचं नाही, पण मॉर्गेज म्हणजे गृहकर्ज देणारी बँक बिल्डिंग्ज विम्याशिवाय पैसे सोडत नाही. भाड्याने राहत असाल तर तुम्हाला फक्त कंटेंट्स लागतो. घरमालकाच्या विम्यात तुमचा लॅपटॉप आणि सोफा येत नाही. लीजहोल्ड, म्हणजे ठराविक वर्षांच्या पट्ट्यावरचा फ्लॅट घेतलात तर इमारतीचा विमा बहुधा फ्रीहोल्डर, म्हणजे इमारतीचा मूळ मालक काढतो आणि त्याचे पैसे तुम्ही भरता त्या सर्व्हिस चार्जमधून (देखभाल खर्चातून) जातात. त्या पॉलिसीची प्रत मागून घ्या. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने दोन वर्षं तोच विमा दुसऱ्यांदा भरला.

घर विकत घेणाऱ्यांची हमखास चूक तारखेची. किल्ली कम्प्लीशनच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशी मिळते म्हणून विमाही त्या दिवसापासून घेतात. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये नेहमीच्या करारानुसार एक्स्चेंज, म्हणजे सह्या झालेल्या करारांची अदलाबदल झाली की घराची जोखीम घेणाऱ्याकडे येते. मधल्या दोन-तीन आठवड्यांत आग लागली तरी तुम्ही ते घर घ्यायला बांधलेले असता. नवीन बांधणीच्या घराचं आणि स्कॉटलंडमधलं गणित वेगळं आहे. तिथे आधीच्या बोलण्यातच सॉलिसिटरला, म्हणजे व्यवहार बघणाऱ्या वकिलाला सरळ विचारा: विमा कोणत्या तारखेपासून हवा?

बिल्डिंग्जची रक्कम म्हणजे घराची खरेदीची किंमत नाही. किमतीत जमीन असते, आणि जमीन जळत नाही. इथे धरायचा तो घर पाडून, मलबा काढून पुन्हा बांधायचा खर्च. घर घेताना केलेल्या सर्व्हेच्या (तपासणीच्या) अहवालात हा आकडा बऱ्याचदा मिळतो. नसेल तर बीसीआयएस या बांधकाम खर्चाची माहिती देणाऱ्या संस्थेचा पुनर्बांधणी खर्चाचा कॅल्क्युलेटर आहे. काही कंपन्या हा आकडा विचारतच नाहीत, खोल्यांच्या संख्येवरून एक मोठी सरसकट मर्यादा देतात.

कंटेंट्सची रक्कम मात्र आपण सगळेच कमी सांगतो. "आमच्याकडे आहे काय एवढं?" असं म्हणून ३०,००० पौंड लिहून मोकळे होतो. एका रविवारी खोली-खोलीत फिरून कपाटं उघडा. पैठण्या, स्वयंपाकघरातली यंत्रं, मुलांच्या सायकली, थंडीचे कोट असं सगळं आज नवीन घ्यायचं तर काय पडेल, ते मांडा. रक्कम कमी सांगण्याची शिक्षा फक्त घर पूर्ण जळाल्यावर होते, असं नाही. ६०,००० चं सामान असून विमा ३०,००० चा असेल, तर १०,००० च्या चोरीवर कंपनी ५,००० च हातावर ठेवू शकते. मोबाइल घेऊन घरभर व्हिडिओ काढून ठेवा आणि तो घराबाहेर, क्लाउडवर राहू द्या.

आता सोनं. बहुतेक पॉलिसींत दोन मर्यादा असतात: एका वस्तूची आणि सगळ्या मौल्यवान वस्तूंची मिळून. एका वस्तूची मर्यादा बऱ्याचदा १,५०० ते २,००० पौंडांच्या आसपास असते. त्यावरची प्रत्येक वस्तू नाव घालून वेगळी नोंदवावी लागते. म्हणजे कंटेंट्स ७५,००० चा आहे म्हणून आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ आपोआप त्यात आली, असं होत नाही. न नोंदवलेल्या तोड्यांच्या जोडीला एक वस्तू धरली तर सगळे मिळून १,५०० पौंडच येतील.

पुरावा ही दुसरी अडचण. गावच्या सराफाची वीस वर्षांपूर्वीची, तोळ्यात लिहिलेली पावती क्लेमच्या वेळी उपयोगी असते, पण तेवढ्याने आजची किंमत ठरत नाही. इथल्या मान्यताप्राप्त मूल्यांकन करणाऱ्याकडून कागद करून घ्या. त्याला २२ कॅरेटचे दागिने हाताळायची सवय आहे ना, ते आधी विचारा. नाही तर तो १८ कॅरेटच्या दुकानी दागिन्यांच्या हिशोबाने आकडा टाकतो. सोन्याचा भाव गेल्या काही वर्षांत ज्या वेगाने चढला आहे, ते बघता तीन वर्षांपूर्वीचं मूल्यांकन आज तोकडं पडतं. प्रत्येक दागिन्याचा शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, वजन लिहा. आणि जोडीचं कलम वाचा. एक कुडं हरवलं तर काही पॉलिसी एकाचेच पैसे देतात.

रक्कम मोठी झाली की कंपनी तिजोरी मागते. इथल्या तिजोऱ्यांवर रोख रकमेचा दर्जा लिहिलेला असतो आणि दागिन्यांसाठी त्याच्या दहापट धरण्याची पद्धत आहे. ४,००० पौंडांची तिजोरी ४०,००० च्या दागिन्यांना चालते, पण ती काँक्रीटमध्ये बोल्टने पक्की केलेली हवी. कपाटात नुसती ठेवलेली तिजोरी म्हणजे चोराला उचलायला सोयीचा डबा. बँकेच्या लॉकरची आपली सवय इथे फारशी चालत नाही, कारण बहुतेक मोठ्या बँकांनी ती सेवा बंद केली आहे. खासगी लॉकर कंपन्या आहेत. पण २०१५ च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये चोरांनी काँक्रीटच्या भिंतीला भोक पाडून असाच एक लॉकरखाना फोडला होता, तेव्हा लॉकरमधल्या वस्तूंचा विमा कोणाचा आणि किती, हे तिथेही विचारावंच लागतं.

दागिने अंगावर घालून लग्नाला जायचं, तर घराबाहेरचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. भारतात नेणार असाल तर ते जगभर लागू आहे का, आणि वर्षात किती दिवस, हे बघा. आशियाई घरांत सोनं असतं, हे चोरांनाही ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास इथले पोलीस तशा सूचना काढतात. हळदीकुंकवाचे फोटो त्याच संध्याकाळी सगळ्या जगाला दाखवायची घाई कशाला, असं मी घरात म्हणतो. कोणी ऐकत नाही.

वरच्या खोलीतल्या भाडेकरूबद्दल लोक बोलायलाच लाजतात. मॉर्गेज जड जातं, म्हणून नवीन आलेल्या एखाद्या मुलाला खोली देतात. त्यात गैर काही नाही, पण विमा कंपनीला सांगावं लागतं. पैसे देऊन राहणारं माणूस घरात असेल तर बहुतेक पॉलिसी चोरीचे पैसे कुलूप किंवा दार फोडल्याची खूण असेल तरच देतात. मागच्या दाराने निवांत आत येऊन कोणी लॅपटॉप नेला, तर काही मिळत नाही. तुम्ही स्वतः चार जणांत घर वाटून राहत असाल तरी हेच कलम तुम्हाला लागतं. मग वाटून राहणाऱ्यांसाठी असलेली पॉलिसी घ्या आणि खोलीला स्वतंत्र कुलूप बसवा. सहा महिने राहायला आलेले आईवडील भाडेकरू नव्हेत. तरी फॉर्ममध्ये प्रौढांची संख्या विचारली असेल, तर ती खरी लिहा.

फॉर्ममधला कुलपाचा प्रश्नही अंदाजाने सोडवू नका. लाकडी दारात पाच लीव्हरचं मॉर्टिस (दाराच्या आत बसवलेलं) कुलूप असेल तर त्याच्या पट्टीवर बीएस ३६२१ हा ब्रिटिश मानकाचा क्रमांक कोरलेला आहे का ते बघा. यूपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) दारात हँडल वर उचलून किल्ली फिरवली की अनेक ठिकाणी खिट्ट्या बसतात, त्याला मल्टिपॉइंट म्हणतात. दारापाशी जाऊन बघा आणि मग टिक करा.

२०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने आपल्या बाजूने एक चांगली गोष्ट केली. पूर्वी ग्राहकाने सगळं आपणहून सांगावं अशी अपेक्षा असे. आता विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वाजवी काळजी घेऊन देणं, एवढी जबाबदारी आहे. निष्काळजीपणाने चूक झाली असेल तर कंपनी बहुधा क्लेम कमी करू शकते. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर पॉलिसीच रद्द होते. म्हणून प्रश्न कळला नाही तर फोन करा किंवा लिहून विचारा, आणि उत्तर जपून ठेवा. आधीच्या क्लेमबद्दल लपवाछपवी करू नका, कंपन्यांचा त्याचा सामायिक डेटाबेस असतो.

अपघाती नुकसानाची जोड घ्यायची का? भाड्याच्या घरात फिकट गालिचा आणि लहान मुलं असतील तर माझं मत घ्यावी. हळदीचा डाग काय असतो, हे आपल्याला सांगायला नको. मात्र तुमच्या स्वतःच्या सामानाबरोबर घरमालकाच्या वस्तूंचं नुकसानही त्यात येतं का, ते विचारा. घरात कपडे वाळत घालून भिंतीला आलेली बुरशी कोणत्याही पॉलिसीत येत नाही, हळूहळू होणारं नुकसान सगळे वगळतात.

घर विकत घेण्याआधी, पोस्टकोड टाकून सरकारी संकेतस्थळावर पुराचा धोका बघा. २०१६ पासून फ्लड री नावाची योजना आहे. तिच्यामुळे पूरप्रवण घरांनाही परवडणारा विमा मिळू शकतो. पण २००९ पासून बांधलेली घरं त्यात येत नाहीत. लंडनच्या चिकणमातीवरच्या घरांना कोरड्या उन्हाळ्यात पाया खचण्याचा त्रास असतो आणि त्यासाठीचा एक्सेस, म्हणजे क्लेममधला आपल्या खिशातला पहिला हिस्सा, सहसा १,००० पौंड असतो.

प्रीमियमबद्दल थोडक्यात. त्यावर १२ टक्के कर असतो. महिन्याच्या हप्त्यांवर बहुधा व्याज लागतं, तेव्हा जमल्यास वर्षाचं एकदम भरा. जानेवारी २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नूतनीकरणाच्या वेळी नवीन ग्राहकापेक्षा जास्त दर लावायला बंदी आहे. तरी दुसरी कंपनी स्वस्त असू शकते, म्हणून पत्र आलं की तुलना करा. घेतलेली पॉलिसी पटली नाही तर पहिल्या १४ दिवसांत रद्द करता येते. सोनं जास्त असेल किंवा घर वेगळ्या बांधणीचं असेल तर तुलनेच्या संकेतस्थळांवर वेळ घालवण्यापेक्षा ब्रोकर गाठा.

क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही किंवा अंतिम नकार आला, तर फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिस या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, पण अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. मी गेलो नाही, कारण चूक माझीच होती.

आता भारताची तिकिटं काढली की त्याच दिवशी कंपनीला तारखा कळवतो. कधी कंपनी थोडे पैसे घेऊन मुदत वाढवून देते, कधी अटी घालते. जे ठरेल ते ईमेलवर घेतो. मी ६० दिवसांची मुदत असलेली पॉलिसी शोधून घेतली आहे. तिची अट अशी: थंडीत एक तर पाण्याचा मुख्य कॉक बंद करून पाइप रिकामे करायचे, नाही तर हीटिंग किमान १५ अंशांवर चालू ठेवायचं. मी कॉक बंद करतो. तो किचनच्या सिंकखाली आहे, हे मला पाइप फुटल्यानंतर कळलं होतं. आठवड्यातून एकदा शेजारच्या बाई आत डोकावतात, लॉफ्टची झडप उघडून बघतात आणि फ्रिजवरच्या कागदावर तारीख टाकून सही करतात. तेवढ्याने घर राहतं ठरत नाही, पण पॉलिसीत लिहिलेली पाहणी झाल्याचा कागद माझ्याकडे राहतो.