डीएमझीवरच्या माजी सैनिकांशी बोलायला निघालात?

कोरियन येतं म्हणजे कोणाशीही बोलता येईल, अशा भ्रमात मी डीएमझीवर, म्हणजे उत्तर आणि दक्षिण कोरियामधल्या लष्करमुक्त पट्ट्यावर, पहारा दिलेल्या माजी सैनिकांच्या मुलाखती प्रबंधासाठी घ्यायला निघालो आणि पहिल्याच घरी तोंडघशी पडलो. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ दिसले म्हणून मायेनं ‘हाराबोजी’ म्हटलं, म्हणजे आजोबा. ते म्हणाले, ‘तुझा आजोबा मी कधी झालो?’ तेव्हापासून सगळ्यांना ‘सोनसेंगनिम’, आपलं ‘सर’. तुम्हीही तेच करा.

जाण्याआधी समोरचा माणूस कोणत्या साली भरती झाला ते काढा. आज दक्षिण कोरियात पायदळातली सक्तीची सेवा १८ महिन्यांची आहे. पण जानेवारी १९६८ मध्ये उत्तरेचे कमांडो सोलमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासाजवळ पोचले, आणि त्यानंतर ती थेट ३६ महिन्यांवर गेली. घरी जायची तारीख मोजत बसलेल्या पोरांची सुटका लांबली. ‘डीएमझीवर होतात ना?’ एवढंच विचारून भागत नाही. जीपी म्हणजे चार किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याच्या आतली चौकी, जीओपी म्हणजे दक्षिणेकडच्या कुंपणालगतची. दोन्हींच्या आठवणी वेगळ्या.

‘भीती वाटायची का?’ हा प्रश्न मात्र विचारू नका. मी तो सहा जणांना विचारला, सहाही जण ‘नाही’ म्हणाले. त्याऐवजी वस्तू विचारा. एका सरांना मी कुंपणाविषयी विचारलं, तर ते उठले, स्वयंपाकघरातली प्लास्टिकची जाळीदार टोपली घेऊन आले आणि तिच्या भोकांत एकेक शेंगदाणा अडकवू लागले. तारेच्या जाळीत असेच दगड खोचलेले असत. कोणी जाळी कापली किंवा हलवली की दगड खाली. गस्तीवर दगड जागेवर आहेत ना, ते बघत जायचं, डोंगर चढत-उतरत. मग त्यांनी टोपली हळूच हलवली. दोन शेंगदाणे टेबलावर पडले. ते काही बोलले नाहीत. मीही गप्प बसलो, आणि ते शहाणपणाचं ठरलं, कारण पुढची चाळीस मिनिटं तेच बोलत होते.

एक म्हण पाठ करून जा. गांगवॉन प्रांतात इंजे आणि वॉनथोंग अशी दोन ठिकाणं आहेत. तिकडे नेमणूक झालेली पोरं म्हणत, ‘आता गेलो तर कधी येणार, या दुःखानं जगवत नाही.’ कोरियनमध्ये ‘आता’ म्हणताना इंजे ऐकू येतं आणि ‘दुःखानं’ म्हणताना वॉनथोंग. परदेशी माणसाच्या तोंडून हे ऐकलं की चहा हमखास येतो.

भारताचा विषयही उपयोगी पडतो. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबल्यावर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करायला भारतीय तुकड्या इथे आल्या होत्या. त्यांचे सेनापती मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजे आपले मराठी गृहस्थ. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना दक्षिणेच्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरनं पट्ट्यात नेलं. हे सांगितल्यावर एक सर चक्क ओशाळले.

सध्याच्या चौक्यांच्या जागा विचारू नका, त्यांनी ओघात सांगितल्या तरी लिहू नका. आणि रेकॉर्डर बंद केल्या केल्या उठू नका. टोपलीवाले सर मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले तेव्हा बर्फ पडायला लागला. कोरियन सैनिक बर्फाला ‘आकाशातून पडणारा कचरा’ म्हणतात. पहाटे उठून रस्ता तेच साफ करणार ना! सरांनी वर बघितलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि दुकानदाराकडे झाडू मागायला गेले.